दक्षिण दौऱ्याचा अकरावा मसुदा

निवांतपणा माणसाला आपोआप मिळत नाही, तो आखावा लागतो. हे ज्यांना कळत नाही अशी उतावळी माणसं पिशवीत दोन कपडे कोंबतात, स्टेशनावर जातात, समोर येईल त्या गाडीत बसतात आणि आठ दिवसांनी परत येऊन 'मजा आली' असं सांगतात. अशा प्रवासाचा कुठेही कागद राहत नाही. त्यामुळे तो खरोखर झाला की नाही, हे निदान सरकारी नोकराला तरी मान्य करणं कठीण जातं.

यादोराव सरकारी नोकर होते. मोहाडीच्या एका कचेरीत ते वरिष्ठ लिपिक होते (कचेरीचं नाव सांगण्याचं कारण नाही, आतून सगळ्या सारख्याच असतात). त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई यांनी १९७६ च्या दिवाळीनंतर, तांदूळ निवडता निवडता, एक साधी मागणी केली.

"अजी, मले एकडाव समुद्र पाहाचा हाय."

शकुंतलाबाईंचं माहेर तलावाच्या पाळीखालचं. या जिल्ह्यात तलावांना तोटा नाही, आणि प्रत्येक तलावाला समोरचा काठ असतो, त्यावर कुणाची तरी म्हैस असते. ज्या पाण्याला पलीकडे काठच नाही असं पाणी जगात आहे, हे त्यांनी चौथीच्या पुस्तकात वाचलं होतं आणि तेव्हापासून त्यांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. म्हणून त्यांना ते स्वतः जाऊन बघायचं होतं.

"जाऊ ना," यादोराव म्हणाले. "पन धावतपळत नाही. निवांत जाऊ."

त्याच आठवड्यात पहिला मसुदा तयार झाला. तो एका पानाचा होता: नागपूर, मद्रास, परत नागपूर, एकूण नऊ दिवस. आज तो वाचताना यादोरावांना स्वतःच्या अननुभवीपणाचं हसू येतं. नऊ दिवसांत मद्रासला जाऊन येणं म्हणजे पोस्टमनचं काम. माणूस एवढा लांब जाणार तर वाटेत विजयवाडा, पुढे तंजावर, मदुरै, रामेश्वर, कन्याकुमारी, परतताना म्हैसूर आणि बंगलोर, असं थांबत थांबत, प्रत्येक ठिकाणी दोन रात्री पाठ टेकवत जाणं शोभतं. दुसऱ्या मसुद्यात मुक्काम अकरा झाले. चौथ्यात तेरा झाले. पाचव्या मसुद्याला अनुक्रमणिका जोडावी लागली.

निवांतपणात खंड पडू नये म्हणून यादोरावांनी काही नियम घालून घेतले होते. रात्रीच्या गाडीत चढायचं नाही, कारण झोप मोडते. पहाटे उतरायचं नाही, कारण परक्या गावात पहाटे चहा कुठे मिळतो ते माहीत नसतं. दुपारी बारा ते चार हलायचं नाही. या अटींत बसणाऱ्या गाड्या वेळापत्रकात एकूण तीन निघाल्या आणि तिन्ही उत्तरेकडे जाणाऱ्या होत्या.

वेळापत्रकाचं आणखी एक होतं. यादोराव ते वरठीच्या स्टेशनावरून आणत. मसुदा पूर्ण व्हायला साधारण सात महिने लागत आणि तोवर नवं वेळापत्रक निघालेलं असे. नवं आणलं की केलेला मसुदा चुकीचा ठरे. यावर १९७९ साली त्यांनी एक कायमचा तोडगा काढला: नवं वेळापत्रक आणणं बंद केलं. त्यानंतर त्यांच्या मसुद्यात एकही चूक निघाली नाही.

मुक्कामाच्या प्रत्येक गावी एक ओळखीचा माणूस असावा, हा पुढचा नियम. आपल्याकडे माणूस गावाला जात नाही, कुणाकडे तरी जातो. तंजावरला ओळख काढण्यात दीड वर्ष गेलं. शेवटी तुमसरच्या एका भात-गिरणीवाल्याच्या मेहुण्याचा मिलिटरीतला जोडीदार तिकडचा निघाला. त्याला चार पत्रं गेली. त्याचं एक उत्तर आलं, ते तामिळमध्ये होतं. यादोरावांनी ते 'संमती' म्हणून फाइलला लावलं.

सोबत घरचा तांदूळ न्यायचा, हेही ठरलं होतं. दक्षिणेत लोक तीन वेळा भात खातात, तिथे तांदळाची कमतरता पडणार नाही, असं कुणीतरी सुचवून पाहिलं. पण तो तांदूळ त्यांचा. घरच्या सुवासिक चिन्नोरचा भात खाल्लेल्या माणसाने परक्या तांदळावर सत्तावीस दिवस काढायचे म्हणजे अर्धपोटी राहण्यातलाच प्रकार. दहा पायल्या चिन्नोर दोन पोत्यांत भरून न्यायचा, असं परिशिष्टात नमूद झालं.

आता समुद्र. मद्रासला समुद्र आहे, हे यादोरावांना नकाशावरून माहीत होतं. परंतु मुख्य गोष्ट सुरुवातीलाच उरकून टाकली तर पुढच्या प्रवासात काय उरलं? म्हणून मद्रासच्या दोन दिवसांत समुद्राकडे जायचं नाही, अशी तरतूद त्यांनी केली. समुद्र सतराव्या दिवशी, कन्याकुमारीला.

"मद्रासले जाऊ अन् समुद्र पाहाचा नाही? काहून जी?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"कन्याकुमारीले तीन समुद्र एका जागी हायत. पहिलेच एक पाहून घेतला तं बाकीचे दोन शिळे लागतीन."

शकुंतलाबाई पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. संसारात काही नवऱ्यांशी वाद घालता येतो, पण ज्याच्याकडे फाइल आहे त्याच्याशी घालता येत नाही.

यानंतर तारखेचा प्रश्न आला. यादोरावांची चार एकर धानाची शेती होती. वर्षाच्या ३६५ दिवसांतून त्यांनी पावसाळा आणि रोवणीचे १२२ दिवस वजा केले. पितृपक्षाचे १५, दसरा-दिवाळीचे ३०, धान कापणी आणि चुरणीचे, म्हणजे मळणीचे, ५८ गेले. गावोगावच्या मंडईचे २४ (दिवाळीनंतरच्या या जत्रेला सोयऱ्याकडे गेलं नाही तर तो सात वर्षं बोलून दाखवतो), मार्चअखेरीच्या कामाचे ३१ आणि लग्नसराईचे ६२. काही दिवस दोनदा वजा झाले असतील, पण अशा कामात घाई नको. उरले २३ दिवस, म्हणजे सहा पूर्णांक तीन टक्के. दौरा मात्र सत्तावीस दिवसांचा होता. हे चार दिवस कुठून काढायचे, यात १९८० साल गेलं.

१९८१ च्या उन्हाळ्यात शकुंतलाबाई उजव्या बाजूच्या वस्तूंना धडकू लागल्या. आधी उंबरठा, मग पाण्याची गुंडी, मग शेजारची सायकल. यादोराव त्यांना भंडाऱ्याला दाखवायला घेऊन गेले. डॉक्टर सरळ माणूस होता. मोतीबिंदू असता तर काढला असता, म्हणाला, पण हा काचबिंदू आहे, यात गेलेलं परत येत नाही. उजवा डोळा गेल्यात जमा आहे. डावा औषध घालून टिकेल तितके दिवस टिकेल.

परतीची एसटी वरठीला थांबली. तेव्हा शकुंतलाबाई म्हणाल्या, "आता तरी जाऊ जी?"

 बायकोवर यादोरावांचा जीव होता, याबद्दल कुणी शंका घेऊ नये. घरी आल्याबरोबर त्यांनी हातपाय धुतले, फाइल काढली आणि जे त्यांना येत होतं ते केलं: 'अडचण क्र. ७: पत्नीची दृष्टी' अशी नोंद करून समोर 'तातडीचे' असा लाल शेरा मारला. शेरा मारल्यावर त्यांना जरा हलकं वाटलं. तातडीच्या कागदांना त्यांच्या कचेरीत साधारण दीड वर्ष लागत असे, आणि या कागदालाही बरोबर तेवढंच लागलं.

अकरावा मसुदा ८४ पानांचा झाला. रजा मंजूर झाली: २० जानेवारी ते ११ फेब्रुवारी १९८३, दिवस तेवीस. बंगलोर आणि म्हैसूर गाळून दौरा तेवढ्यात बसवला होता. तांदळाची पोती शिवली. शकुंतलाबाईंनी ट्रंकेत सगळ्यात वर डोळ्याचं औषध ठेवलं, हाताला लगेच लागावं म्हणून. आणि वीस तारखेला सकाळी दोघं मोहाडीहून खरोखरच निघाले.

निघाले ते तुमसरला. तुमसर दक्षिणेला नाही, याची यादोरावांना कल्पना होती. परंतु लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस सोयऱ्यांचा निरोप घेतल्याशिवाय जात नाही. आमच्या झाडीपट्टीत ही जुनी रीत आहे. पूर्वी काशीला गेलेला माणूस परत येईलच असं नसे, म्हणून सगळ्यांना तोंड दाखवून जात. आता माणसं परत येतात, पण रीत काही मागे घेतली गेली नाही. कार्डावर कळवण्याची सोय नव्हती, कारण अचानक कार्ड आलं की लोक आधी मयताच्या कार्डासारखा कोपरा फाटलेला आहे का ते बघतात आणि रडायला लागतात. म्हणून प्रत्यक्ष जायचं. मसुद्यात 'निरोप' या बाबीखाली चार घरांना मिळून दोन दिवस धरले होते.

तुमसरला यादोरावांची बहीण रुखमिणी. तिने भाऊ आणि वहिनी आल्याबरोबर त्यांच्या चपला उचलल्या आणि धानाच्या ढोलीत टाकल्या. पाहुणा पळून जाऊ नये म्हणून आमच्याकडे असं करतात, त्यात वाईट वाटून घ्यायचं नसतं. उलट चपला दारातच राहिल्या तर माणसाने समजून जावं. पहिल्या दिवशी पोहे आणि विचारपूस झाली. दुसऱ्या दिवशी गल्लीतली माणसं दक्षिणेला जाणारा माणूस बघायला आली. तिसऱ्या दिवशी तलावातल्या मासोळ्या मागवल्या, त्या चौथ्या दिवशी आल्या. पाचव्या दिवशी चपला सापडल्या.

भंडाऱ्याला चुलतभाऊ टिकाराम. त्याचं पितळी भांड्यांचं दुकान. त्याने सहा दिवस ठेवून घेतलं आणि रामेश्वरहून समुद्राचं पाणी आणण्यासाठी एक मोठी पितळी गुंडी दिली. तिच्यात पाणी भरल्यावर ती कोण उचलणार, हा विचार कुणीच केला नाही. पुढे साकोलीला कवडूमामा. ते ऐंशीचे. त्यांनी यादोरावांचा हात धरला आणि म्हणाले, "आता तू वापस येशीन तवा मी असन का नसन, बापू." यावर भाच्याने 'निघतो' कसं म्हणायचं? पाच दिवस गेले. (कवडूमामा हे लिहिण्याच्या वेळी ठणठणीत आहेत आणि सायकल चालवतात.)

या काळात तांदूळ संपायला हवा होता, पण वाढत होता. प्रत्येक घराने 'वाटेत होईल' म्हणून आपला दोन-दोन पायल्या दिला आणि पोती चार झाली.

सतराव्या दिवशी दोघं लाखांदूरला पोचले. इथे शकुंतलाबाईंची बहीण रत्नाबाई, तिचे यजमान केशवराव आणि सून बेबीबाई. संध्याकाळी ओसरीवर बसून यादोरावांनी हिशेब केला. सोळा दिवसांत सुमारे सव्वाशे किलोमीटर, म्हणजे रोजचे पावणेआठ. याहून निवांत प्रवास पृथ्वीवर कुणी केल्याचं ऐकिवात नाही. मूळ आराखड्याप्रमाणे त्या दिवशी दोघं कन्याकुमारीला समुद्रासमोर उभे असायला हवे होते.

"सहा दिस हायत अजून," केशवराव धीर देत म्हणाले. "बसवून टाकू."

आणि दोघे साडू बाराव्या मसुद्याला बसले. केशवराव ग्रामपंचायतीत तेरा वर्षं सरपंच होते. कुठलंही काम न करता ते पुढे कसं न्यावं, याची त्यांना चांगली जाण होती. दुसऱ्या दिवशी सकाळी वेळापत्रक उघडून विजयवाड्याच्या गाडीवर दोघांची बोटं एकदमच पडली असताना शकुंतलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. हातात कापडी पिशवी होती.

"अजी, मी रत्नासंगं समुद्र पाहून येतो."

"हो, ये," यादोराव मान वर न करता म्हणाले. "पन लवकर ये. जेवाचं हाय."

अशा रीतीने त्यांना रीतसर तोंडी मंजुरी मिळाली.

बायको घरात नाही, हे यादोरावांच्या लक्षात दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. तेही चहामुळे. त्यांना कमी साखरेचा लागतो, आणि हा तिसरा कप गोड होता. त्यांनी हाक मारली. बेबीबाई बाहेर आली.

"मावशी कालच गेल्या ना जी. तुमाले सांगून गेल्या."

"कुठी गेली?"

"वडस्याहून छोट्या गाडीनं गोंदिया. थून पुरीले."

केशवराव उठून आत जाऊन आले आणि आपलीही नाही म्हणाले.

"पुरी? गाडी कोनती? उतरनार कोनाकडे?" यादोरावांचा आवाज चिरकला.

"इचारत इचारत जाऊ म्हणाल्या."

"कोनाले इचारत?"

"जो भेटन त्याले."

यादोरावांना प्रथम राग आला. सात वर्षांच्या कामात पुरीचा एकदाही उल्लेख नव्हता. मग तो राग उतरला आणि त्याच्या जागी नुसती भीती उरली. फलाटावर उजवीकडून गाडी येते. उजवीकडून हातगाडी येते, माणसं येतात, आणि तिला उजवीकडचं दिसत नाही. बारावा मसुदा त्यांनी मिटून बाजूला ठेवला. केशवराव म्हणाले, बायका आहेत, येतील. यादोराव म्हणाले, ती मला विचारून गेली हो, मीच हो म्हणालो. आणि त्यांना लाज वाटली. वय वर्षं पंचावन्न, नोकरी वर्षं तीस, आणि इतकी लाज त्यांना पूर्वी कधी वाटली नव्हती.

पुढचे तीन दिवस ते सकाळ-संध्याकाळ लाखांदूरच्या एसटी स्टँडवर जाऊन बसले. त्यांनी काही आखलं नाही. उतरणाऱ्या प्रत्येक बाईच्या ते आधी चपला बघायचे, मग तोंड.

बावीस तारखेला नव्हे, रजेच्या बाविसाव्या दिवशी दुपारच्या गाडीतून दोघी उतरल्या. रत्नाबाई पुढे, तिचा खांदा धरून शकुंतलाबाई मागे. चेहरा उन्हाने रापला होता. यादोरावांनी पिशवी हातातून घेतली. ती ओली लागली. मग जे सवयीचं होतं तेच तोंडातून आलं.

"गाडी किती वाजता पोचली पुरीले?"

"याद नाही जी."

"उतरल्या कोनाकडे?"

"धरमशाळेत. पन झोपलो कुठी? काठावरच बसून होतो दोघी."

यादोरावांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "दिसलं का बरोबर?"

"हव," शकुंतलाबाई म्हणाल्या. "एवढं मोठं हाय ना ते, अर्ध्या डोळ्यानं पाहलं तरी पुरते."

"मले काहून नाही नेलं?"

शकुंतलाबाईंनी त्यांच्याकडे तोंड वळवलं, पूर्ण वळवलं, कारण आता तसं वळवल्याशिवाय त्यांना माणूस दिसत नसे. "तुमाले निवांत जाचं होतं ना," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. यादोरावांनी तो शोधून पाहिला.

दुसऱ्या दिवशी दोघं मोहाडीला परतले. रजा बरोबर संपली, एक दिवसही वाया गेला नाही. डावा डोळा पुढे दोन वर्षं टिकला. यादोरावांनी समुद्र अजून पाहिलेला नाही. शकुंतलाबाई तो त्यांना अधूनमधून सांगतात, आणि ते ऐकताना फाइल काढत नाहीत, एवढी सुधारणा त्यांच्यात झाली आहे.

ही सगळी फजिती यादोराव स्वतःच कचेरीत सांगतात आणि चांगली रंगवून सांगतात. ऐकणारे पोट धरून हसतात. हसून झाल्यावर एकेक जण हळूच मागे थांबतो आणि विचारतो, तो अकरावा मसुदा एकदा बघायला मिळेल काय? आजवर सत्तावीस जणांनी त्याची नक्कल करून नेली आहे. सगळ्यांनी तो अत्यंत उपयुक्त असल्याचं कळवलं आहे. त्यांच्यापैकी अजून कुणी निघालेलं नाही. सत्ताविसावी नक्कल प्रस्तुत लेखकाकडे असून तीत त्याने काही मौलिक सुधारणा सुचवल्या आहेत.

तुम्हालाही हवी असल्यास कळवा, पाठवण्याची व्यवस्था करता येईल. मात्र त्याआधी एक किरकोळ औपचारिकता पूर्ण करावी लागेल. तुम्ही हे आरामात बसून शेवटपर्यंत वाचलंत, मधे कुणी दारात येऊन काही विचारून गेलं असेल, तुम्ही मान वर न करता 'हो' म्हणाला असाल. तेव्हा घरात एकदा हाक मारून बघा. ओ आली तर अर्ज करायला हरकत नाही.